पाच रात्री आणि २३२ दिवस

दुर्गापूजेच्या दिवसांत कोलकात्याच्या बेहालात रात्र होत नाही. बारिशा, सखेरबाजार, चौरस्ता, थेट तारातलापर्यंत डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांना गल्लीगल्लीत मांडव, आणि एका मांडवातून दुसऱ्या मांडवाकडे सरकणारी माणसांची अखंड रांग. माझी १४ वर्षांची भाची षष्ठीपासून दशमीपर्यंत रोज पहाटे तीन-साडेतीनला घरी यायची, चपला दारात भिरकवायची आणि कपडेही न बदलता अंथरुणावर पडायची. दशमीला देवी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी उभी राहून तिनं हाक मारली, “मावशी, हे बसतच नाहीये!”

‘हे’ म्हणजे तिचं रिटेनर. वरच्या दातांवर टोपीसारखं बसणारं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण. दातांवरच्या तारा मार्चअखेर निघाल्या होत्या. सुरुवातीचे महिने ते जेवताना सोडून दिवसभर लावायचं होतं, नंतर फक्त रात्री. पूजेच्या पाच रात्री ते डबीतच राहिलं होतं.

मी तिच्या दातांकडे निरखून पाहिलं. सरळ, स्वच्छ, एका ओळीत. पाच दिवसांपूर्वी होते तसेच. डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नव्हता. पण प्लास्टिकला तो कळला होता. तिनं बोटांनी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं, थोडं थांबली, पुन्हा दाबलं, आणि टक् असा आवाज होऊन ते बसलं. “इथे दुखतंय,” ती म्हणाली. बोट डाव्या सुळ्यावर होतं.

तोच सुळा. बहिणीनं उपचारांआधी घेतलेले प्लास्टरचे साचे जपून ठेवले आहेत. त्यातला वरच्या जबड्याचा साचा हातात घेतला की डावा सुळा अंगठ्याला टोचतो, इतका तो ओळ सोडून वर आणि बाहेर आलेला होता. बंगालीत अशा दाताला ‘गजदाँत’ म्हणतात आणि त्याचं कौतुकही करतात. आपल्याकडेही दातावर दात असलेलं माणूस नशीबवान, असं माझी आजी म्हणायची. असा दात येण्यामागचं कारण साधं आहे. वरचा सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो, शेजारचे दात येऊन बसल्यावर. पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत होते. पाट उरलेला नसतो, मग जिथे फट मिळेल तिथे तो टेकतो. बावीस महिने तारा लावून त्याला ओळीत आणलं होतं. आणि आता पाच रात्रींची मोकळीक मिळताच त्यानं जुन्या जागेकडे मान वळवली होती.

हे मला फार आतून लागलं, कारण माझ्या दातांचं असंच झालं होतं. मला तारा लागल्या त्या पुण्यात, कॉलेजात असताना. त्या निघाल्या तेव्हा “हे रात्री लावत जा” एवढंच मला सांगण्यात आलं. का, ते कुणी सांगितलं नाही. वसतिगृहात मी ते महिनाभर लावलं, मग परीक्षा आल्या, मग ते हरवलं. आज माझ्या खालच्या पटाशीच्या दातांपैकी एक पुन्हा तिरका आहे. मला कुणी ‘का’ सांगितलं असतं, तर मी ते लावलं असतं असं मला मनापासून वाटतं. कारण तो ‘का’ विलक्षण आहे. त्या सकाळी चहा थंड करत मी भाचीला तो सांगत बसले.

आपल्याला वाटतं, भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात रोवलेला असतो. तसं नाही. दाताचं मूळ हाडाला टेकतच नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सगळीकडून एक बारीक फट असते, साधारण ०.२ मिलिमीटरची. वर्तमानपत्राची तीन पानं एकावर एक ठेवली की होते तेवढी. या फटीत हजारो तंतू असतात. त्यांचं एक टोक दाताच्या मुळात गाडलेलं, दुसरं हाडात. हाडात शिरलेल्या या टोकांना शार्पी या शरीरशास्त्रज्ञाचं नाव दिलेलं आहे. म्हणजे दात हाडावर उभा नसतो, तो झोळीत टांगलेला असतो. आपण शेंगदाणा फोडतो तेव्हा सगळा भार ही झोळी ताणून घेते, फटीतला द्रव दाबला जातो आणि धक्का विरतो. चावताना प्रत्येक धक्का थेट हाडावर बसत नाही, याचं श्रेय तीन पानांच्या त्या फटीला.

आता या दाताला बाजूनं हलकासा पण सतत रेटा द्या. काही सेकंदांत फटीतला द्रव सरकतो. ज्या बाजूला दात दाबला गेला तिथले तंतू चेपतात, विरुद्ध बाजूचे ताणले जातात. इथपर्यंत सगळं यंत्रासारखं आहे. नवल पुढे आहे. दाबाच्या बाजूला दोन-तीन दिवसांत एका खास जातीच्या पेशी जमू लागतात. त्या मोठ्या असतात, एकेका पेशीत अनेक केंद्रकं. त्या हाडाला चिकटतात, आम्ल सोडतात आणि हाड विरघळवतात. ताणाच्या बाजूला दुसऱ्या पेशी येतात आणि नवं हाड रचतात. पुढची भिंत खोदली जाते, मागची बांधली जाते, आणि दात आपल्या झोळीसकट मधून सरकत जातो. महिन्याला साधारण १ मिलिमीटर. भाचीच्या तोंडात बावीस महिने हे खोदकाम आणि बांधकाम एकाच वेळी चालू होतं. ती शाळेत जात होती, भांडत होती, झोपत होती, आणि तिचा जबडा नव्यानं रचला जात होता.

हे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी. १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून दोन्ही बाजूंच्या हाडाचे काप तपासले. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, जी आजही प्रत्येक पालकानं लक्षात ठेवण्याजोगी आहे. रेटा जास्त झाला, की फटीतल्या रक्तवाहिन्याच चेपून बंद होतात. तिथल्या पेशी मरतात आणि तो भाग काचेसारखा निस्तेज दिसू लागतो. मग दात हलायचा थांबतो. शरीराला आधी मागच्या बाजूनं पोखरत येऊन तो मेलेला भाग साफ करावा लागतो, आणि त्यात आठवडे जातात. “डॉक्टर, जरा घट्ट आवळा, म्हणजे लवकर होईल,” असं कितीतरी आया म्हणतात. घट्ट आवळल्यानं उशीरच होतो.

हलका पण न थकणारा रेटा हवा, हे कळलं तरी तसा रेटा देणारी तार कुठून आणायची? स्टीलची तार वाकवून बसवली की सुरुवातीला जोरात ओढते आणि दात थोडा सरकला की ढिली पडते. याचं उत्तर दंतवैद्यांकडून आलंच नाही, ते अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतून आलं. तिथे विल्यम ब्यूलर निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू तपासत होते. १९६० च्या आसपास एका बैठकीत त्या धातूची घडी घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. कुणीतरी तिच्याखाली पाइपचा लायटर धरला, आणि सगळ्यांच्या देखत ती पट्टी उलगडून सरळ झाली. धातूला स्वतःचा जुना आकार आठवत होता! त्याचं नाव पडलं निटिनॉल. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज अँड्रिएसन यांनी ही तार दातांसाठी आणली. वेड्यावाकड्या दातांमधून ती ओवायची. तिला आपला कमानीचा आकार हवा असतो, म्हणून ती महिनोन्‌महिने हळूहळू, जवळजवळ सारख्याच जोरानं दातांना त्या आकारात ओढत राहते.

अँड्रिएसन होते आयोवा विद्यापीठात. बेहालात बसून हे वाचताना मला एकदम आठवलं, की याच विद्यापीठातून १९१५ मध्ये पूर्व बंगालचा एक तरुण दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला होता. रफिउद्दिन अहमद. पण त्यांच्याकडे मी पुढे येते.

तर, धातूला आठवण असते. भाची म्हणाली, “म्हणजे माझ्या दाताला पण आठवण आहे?” प्रश्न अगदी नेमका होता. दाताला नाही, पण त्याच्याभोवतीच्या तंतूंना आहे.

तारा काढल्या त्या दिवशी दात ओळीत असतात, पण त्यांच्याभोवतीचं हाड अजून कोवळं असतं, झोळी सैल असते आणि तंतू इकडेतिकडे ओढलेले असतात. दात बोटानं हलवला तर थोडा हलतोसुद्धा. स्लॅब भरल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी सेंटरिंग काढत नाही, तशीच ही अवस्था. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी नीट विणले जायला तीन-चार महिने लागतात, म्हणून सुरुवातीला रिटेनर जवळजवळ दिवसभर लावायचं. हिरडीतल्या तंतूंना त्याहून जास्त वेळ लागतो. आणि सगळ्यात हट्टी असतात ते हाडाच्या वर, दाताच्या मानेभोवती कडं करून बसलेले लवचिक तंतू. ते हाडात रुतलेले नसल्यामुळे हाड नव्यानं बांधलं गेलं तरी त्यांना त्याचं काही नसतं. रबराची पिळलेली दोरी सोडली की जशी उलट फिरते, तसे ते दाताला जुन्या दिशेला खेचतात.

ओस्लोच्या कोरे राइटान यांनी हे मोजलं. त्यांनी कुत्र्यांचे दात स्वतःभोवती फिरवले, मग त्यांना नव्या स्थितीत बांधून ठेवलं आणि ठरावीक दिवसांनी तंतू तपासले. १९५९ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते आजही या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. मुळाजवळचे तंतू केव्हाच शांत झाले होते. पण मानेभोवतीचे तंतू २३२ दिवसांनंतरही ताणलेले, वाकडे ओढलेले होते.

२३२ दिवस! मी आणि भाचीनं कॅलेंडर काढलं. मार्चअखेरपासून मोजलं तर तो दिवस दिवाळीही उलटल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यात येत होता. आम्ही पूजेत होतो, तिचे तंतू अजून भांडत होते. तिनं त्या तारखेवर लाल पेननं सुळ्याचं चित्र काढलं. काही डॉक्टर खूप फिरलेल्या दाताच्या बाबतीत हेच तंतू हिरडीतून बारीक छेद देऊन मोकळे करतात, म्हणजे ते नव्या स्थितीत पुन्हा जुळतात. छोटंसं काम असतं, पण ते प्रत्येकाला लागत नाही.

मग २३२ दिवसांनंतर सुटका? इथे मला तिला थोडं निराश करावं लागलं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल, रिचर्ड रीडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय चिकाटीचं काम केलं. दाढांच्या पुढचे चार दात काढून ज्यांचे उपचार झाले होते, अशा लोकांना त्यांनी वर्षानुवर्षांनी पुन्हा बोलावलं आणि साचे घेतले. १९८१ मध्ये त्यांनी ६५ जणांचा हिशेब मांडला. रिटेनर सोडून किमान १० वर्षं झालेल्या या लोकांपैकी खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले ३० टक्क्यांहूनही कमी होते. १९८८ मध्ये २० वर्षांनंतरचे आकडे आले, तेव्हा ते १० टक्क्यांवर आले होते. कुणाचे बिघडतील आणि कुणाचे टिकतील, हे आधी सांगता येईल असं काहीही त्यांना सापडलं नाही.

हे उपचारांचं अपयश आहे असं मी मानत नाही. कारण ज्यांनी आयुष्यात कधी तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर हळूहळू दाटीत येतात. तुमच्या वडिलांचे तरुणपणीचे हसरे फोटो काढा आणि आज त्यांच्याकडे बघा. तारातलाला सरकारी टांकसाळ आहे. तिथलं नाणं एकदा छाप घेतं आणि पुढे हजारो हातांतून फिरलं तरी तो छाप धरून राहतं. दातांची ओळ तशी नसते. हाड जिवंत असतं, आणि ज्या गुणामुळे तारांनी दात हलवता आले, तोच गुण ते पुढे हलत राहण्यालाही कारण होतो. त्यातलं एक घ्यायचं आणि दुसरं नको म्हणायचं, असं जमत नाही.

पालक हा दोष बहुतेक वेळा अक्कलदाढेला देतात. ती मागून ढकलते आणि पुढचे दात वाकडे होतात, अशी ठाम समजूत आहे. ब्रिस्टलमध्ये हॅराडीन आणि सहकाऱ्यांनी तारांचे उपचार झालेल्या तरुणांचे दोन गट केले, एका गटाच्या अक्कलदाढा काढल्या, दुसऱ्याच्या ठेवल्या. १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं, की केवळ पुढचे दात वाकडे होऊ नयेत म्हणून अक्कलदाढ काढण्याला आधार मिळत नाही. ती दुखत असेल, अडकली असेल, तर गोष्ट वेगळी.

मग दातांना ढकलतं कोण? आतून जीभ, बाहेरून ओठ आणि गाल. दात या दोन्हींच्या मधल्या गल्लीत उभे असतात. इथे मला सगळ्यात जास्त चकित केलं ते वेळेच्या हिशेबानं. आपण घास चावतो तेव्हा दातांवर प्रचंड जोर पडतो, पण क्षणभर. गिळताना जीभ जोरात दाबते, पण सेकंदभर. त्यानं दात सरकत नाहीत. मात्र शांत बसलेल्या ओठाचा अगदी हलका दाब तासन्‌तास राहिला, तर सरकतात. दात हलायला रेटा दिवसातून साधारण सहा तास तरी टिकावा लागतो, असं ढोबळ मानलं जातं. म्हणजे जोरापेक्षा चिकाटी मोठी. पाच वर्षांनंतरही रात्रभर अंगठा तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलाचे दात पुढे का येतात, आणि दिवसातून पाचदहा मिनिटं अंगठा चोखणाऱ्याचे का येत नाहीत, ते यातून कळतं. नाक चोंदलेलं म्हणून सतत तोंड उघडं ठेवणाऱ्या मुलाची जीभ खाली पडून राहते, तिचाही परिणाम होतो. ही कारणं तशीच ठेवून नुसत्या तारा लावल्या, तर तारा निघाल्यावर तीच जीभ आणि तोच अंगठा पुन्हा कामाला लागतात. म्हणून मुलाचं नाक, त्याची झोप, त्याचा अंगठा, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

आणि याच हिशेबात रात्रीच्या रिटेनरचं सामर्थ्य आहे. मूल आठ-नऊ तास झोपतं. तेवढा वेळ दाताला हलायला परवानगी नाही. गंमत म्हणजे दात जागेवर असेल तर रिटेनर त्याला काहीच करत नाही, नुसतं बसून राहतं. दात सरकायला निघाला, की मगच ते अडवतं. त्या अडवण्यामुळेच भाचीला ते घट्ट झालं होतं. तो घट्टपणा म्हणजे तिच्या सुळ्यानं पाठवलेलं पत्र होतं. ते मिळालं की पुढचे काही दिवस दिवसाही लावायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. पण ते बसतच नसेल, तर दातांनी चावून दामटायचं नाही. त्यानं प्लास्टिक चिरतं किंवा दात दुखावतो. सरळ दवाखान्यात जायचं, नवं करून घ्यायचं.

आता घरातल्या गोष्टी. यातल्या बऱ्याच आम्ही चुकूनच शिकलो. बहिणीनं पहिल्याच आठवड्यात ‘निर्जंतुक’ करायला म्हणून रिटेनर उकळत्या पाण्यात टाकलं. ते मेणासारखं मऊ होऊन वळलं, आणि दुसरं करावं लागलं. साध्या किंवा कोमट पाण्यात मऊ ब्रशनं घासायचं, बस्स. ते तोंडात असताना पाण्याखेरीज काही प्यायचं नाही. गोड सरबत किंवा दूध प्लास्टिक आणि दात यांच्या मध्ये साठतं आणि तिथे तासन्‌तास मुरतं. आणि सगळ्यात जास्त रिटेनरं हरवतात ती कागदी रुमालात. मूल जेवताना ते काढतं, रुमालात गुंडाळतं, ताटाच्या कडेला ठेवतं, आणि आवरताना रुमाल कचऱ्यात जातो. म्हणून डबी भडक रंगाची हवी आणि ती जिथे मूल जाईल तिथे गेली पाहिजे. भाचीची डबी शेंदरी आहे, पिशवीच्या तळातूनही दिसते.

खाली तिला वेगळं दिलेलं आहे. पुढच्या सहा दातांना मागून चिकटवलेली पिळाची बारीक तार, जी कायम तिथेच असते. ही सोय मोठी आहे, कारण विसरण्याचा प्रश्न नाही. पण तिचा धोकाही तितकाच मोठा, आणि फार थोडे पालक तो ओळखतात. एखाद्या दाताजवळचा चिकटवलेला ठिपका सुटला तर काही दुखत नाही, काही दिसत नाही, तार इतरांना धरून जागेवरच असते, आणि तो एकटा दात गुपचूप सरकत राहतो. बेहालात घरोघरी रोज मासळी. इलिशचा एखादा काटा त्या तारेत अडकला की भाचीला लगेच कळतं, पण सुटलेला ठिपका कळत नाही. म्हणून ती आता रोज दात घासल्यावर जिभेचं टोक सहाही ठिपक्यांवरून फिरवते, मोजत. जीभ फार बारीक फरक ओळखते. दातांत अडकलेला केस आपल्याला ओंडक्याएवढा वाटतो, तो उगाच नाही. तारेखालून स्वच्छता करायला बारीक ब्रश किंवा दोरा लागतो, नाहीतर तिथे कीटण धरतं आणि हिरडी सुजते.

तारा असतानाची एक गोष्ट राहून जाते, ती आत्ताच सांगते, कारण टिकणारा परिणाम म्हणजे नुसती ओळ नव्हे. तार धरायला दातावर चिकटवलेल्या प्रत्येक चौकटीभोवती अन्न अडकतं, जिवाणू त्याचं आम्ल करतात, आणि दाताच्या कवचातून खनिजं निघून जातात. घासण्यात हयगय झाली असेल, तर तारा काढल्या की दात सरळ, पण चौकटीच्या कडेनं पांढरे डाग. ते डाग बहुतेकदा पूर्ण जात नाहीत. फ्लोराइडची पेस्ट आणि रात्रीचं घासणं, याला पर्याय नाही. विजयादशमीनंतर घरोघरी मिळणारे नारळाचे चिकट लाडू, हिवाळ्यातला खजूरगूळ, आपली चिक्की आणि उसाचे करवे, हे तारा असताना चौकटी उपटूनही काढतात. संदेश आणि रसगुल्ला मऊ म्हणून चालतील असं भाचीचं म्हणणं होतं. चालतात, चौकटी सुटत नाहीत, पण गोड ते गोडच, लगेच चूळ भरायची.

आणि ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांना एकच सांगावंसं वाटतं. ‘दुधाचेच दात, पडणारच’ म्हणून किडलेली दुधाची दाढ सोडून देऊ नका. ती खालच्या पक्क्या दाताची जागा राखून बसलेली असते. ती वेळेआधी गेली, की सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ पुढे सरकते आणि जागा बळकावते. मग पुढे सुळ्याला पाट उरत नाही. सातव्या वर्षाच्या आसपास मुलाला एकदा दाखवून घ्यावं, अशी दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेची शिफारस आहे. तेव्हा बहुधा तारा लावायच्या नसतात. फक्त बघायचं असतं, कोण कुठे उभा आहे ते.

पूजा संपल्यावर काही दिवसांनी भाची म्हणाली, “मावशी, ते आयोवाचे डॉक्टर कोण? त्यांचं काय झालं?” मग आम्ही गेलोच. बेहाला चौरस्त्याहून मेट्रो पकडली. ती डायमंड हार्बर रोडवरून, घरांच्या गच्च्यांच्या उंचीवरून जाते, बेहाला बाजार, तारातला, आणि माझेरहाट. तिथून सियालदाची लोकल. स्टेशनातून बाहेर पडून मौलालीच्या दिशेला चालत गेलं, की आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर डॉ. आर. अहमद डेंटल कॉलेज लागतं.

रफिउद्दिन अहमद आयोवाहून बोस्टनला गेले, तिथे मुलांच्या दातांसाठी काढलेल्या फोर्सिथ इन्फर्मरीत त्यांनी काम केलं, आणि कोलकात्याला परतून १९२० मध्ये भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. त्याला पैसे कुठून आणले? न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचं सरबत-आइस्क्रीमचं दुकान चालवून. पुढे ते कॉलेज त्यांनी सरकारच्या हवाली केलं. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभरचे दंतवैद्य आपला दिवस म्हणून पाळतात.

पूजेची सुट्टी असल्यानं फाटकापाशी गर्दी नव्हती. भाची पाटीवरचं नाव वाचत थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं ती आइस्क्रीमबद्दल विचारणार. तिनं विचारलं, “इथे पण सगळ्यांना २३२ दिवसांचं सांगतात का?”

परतताना सियालदाला झालमुडी घेतली. मुरमुरे, मोहरीचं तेल, कच्चा कांदा, वर खोबऱ्याचे काप. सकाळपासून, पाच रात्री भरून काढायच्या म्हणून, रिटेनर तिच्या तोंडात होतं. कागदी ठोंगा मी धरला. तिनं पाठीवरची पिशवी पुढे घेतली, शेंदरी डबी काढली, रिटेनर त्यात ठेवून झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. खाऊन झाल्यावर बाटलीतल्या पाण्यानं दोनदा चूळ भरली, नळाशी बोटं धुतली, आणि हात पुढे केला. गाडीची घोषणा होत होती, माणसं धावत होती. तिनं गर्दीकडे पाठ करून दोन्ही अंगठ्यांनी डावीउजवीकडे हलकेच दाबलं.

टक्.

“दुखलं?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.